रीफ टँकमधलं हट्टी हिरवं शेवाळ: कुठून सुरुवात करू?

निळाई (एडिसन, न्यू जर्सी)

नमस्कार मंडळी. खाऱ्या पाण्याचे टँक ठेवणारे इथे मोजकेच आहेत, पण जे आहेत ते मुरलेले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

घरी ७५ गॅलनचा, म्हणजे साधारण २८५ लिटरचा रीफ टँक, म्हणजे कोरलचा (प्रवाळाचा) टँक आहे. खाली २० गॅलनचा सम्प (फिल्टरची दुसरी टाकी), त्यात स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि चेटोचं, म्हणजे मुद्दाम वाढवलेल्या हिरव्या शेवाळाचं, छोटं रिफ्युजियम (वेगळा कप्पा). टँकला दीड वर्ष झालं. मासे म्हणजे क्लाऊनची जोडी, एक रॉयल ग्रामा आणि एक यलो टँग. कोरलमध्ये हॅमर, टॉर्च, भरपूर झोआ (बटणांसारखे छोटे मऊ कोरल) आणि वरच्या खडकावर एक मॉन्टिपोरा. कोरडा खडक आणून सुरुवात केली होती. पहिल्या महिन्यांतला तपकिरी डायटमचा (सूक्ष्म एकपेशीय शेवाळाचा) थर आला आणि आपोआप गेला. नंतर सगळं छान बसलं होतं.

गेल्या काही महिन्यांत खडकांवर गडद हिरवं, मऊ शेवाळ वाढलंय. आधी एकाच टोकाला होतं, आता हॅमरच्या बुडाशी पोचलंय आणि झोआंच्या मधून उगवतंय. झोआ मिटून बसतात. टूथब्रशने घासलं की आठवड्याभरात पुन्हा तेवढंच. टँग नोरीवर (वाळवलेल्या समुद्री शेवाळावर) तुटून पडतो, पण याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. गोगलगायी वळसा घालून जातात.

पाण्याचे आकडे: खारेपणा ३५ पीपीटी, तापमान २५.५ अंश, अल्कलिनिटी ८.५, कॅल्शियम ४३०, मॅग्नेशियम १३२०, नायट्रेट २, फॉस्फेट ०.०२.

नायट्रेट-फॉस्फेट इतके कमी असताना हे वाढतंय कशावर, हे मला उलगडत नाही. सल्ले तर भरपूर मिळालेत. फॉस्फेट शून्यावर आणा, दिवे तीन दिवस बंद ठेवा, खडक बाहेर काढून उकळा. मला कोरल गमवायचे नाहीत. कुठून सुरुवात करू?

खेकडा

फोटो टाका. निळे दिवे बंद करून, पांढऱ्या उजेडात. निळ्या उजेडात सगळंच देखणं दिसतं, शेवाळसुद्धा.

शंखशिंपले (सिएटल)

बाकीची चर्चा होईलच, पण त्याआधी हे वाचा: खडक अजिबात उकळू नका. मी डॉक्टर आहे आणि टँकही ठेवतो, म्हणून ठामपणे सांगतोय.

झोआ आणि त्यांच्या जवळच्या पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं. हे अतिशय जहाल विष आहे आणि उकळल्याने जात नाही. उलट वाफेबरोबर हवेत येतं आणि श्वासातून शरीरात जातं. अलास्कात २०१२ ते २०१४ दरम्यान टँक ठेवणाऱ्यांच्या घरी आणि मत्स्यालयाच्या दुकानात माणसं अशीच आजारी पडली होती, अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने त्याची नोंद प्रसिद्ध केली आहे. ताप, खोकला, धाप, तोंडाला विचित्र चव अशी लक्षणं. फक्त खडक हाताळताना, हलवतानाही हे घडलं होतं.

तुमच्या खडकावर झोआ आहेत. घासायचं असेल तेव्हा हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल हवाच. हाताला कापलं असेल तर त्या दिवशी टँकमध्ये हात नको. गरम पाणी, प्रेशर वॉशर, केस वाळवायचा ड्रायर, यातलं काहीही झोआ असलेल्या खडकावर नको. घरात लहान मुलं, कुत्री-मांजरं असतील तर काम झाल्यावर बादली आणि ब्रश लगेच धुवून टाका.

निळाई

बापरे. हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. मनापासून आभार. उकळण्याचा विषय कायमचा बंद.

फोटो टाकलाय. एक तुकडा चिमट्याने उपटून पांढऱ्या बशीत पाणी घेऊन पाहिला. मधे एक देठ आणि दोन्ही बाजूंना बारीक फांद्या, पिसासारख्या.

सागरगोटा (मेलबर्न)

पिसासारखं आहे म्हणजे ब्रायोप्सिस. तुमचं अर्धं काम बशीने केलं. नुसते लांब, फांद्या नसलेले केस असते तर डर्बेशिया किंवा त्याच्या भावंडांपैकी एखादं केसाळ शेवाळ म्हटलं असतं आणि उपाय वेगळे सांगितले असते. लोक ओळख न पटवता औषध ओततात, मग लागू पडलं नाही म्हणून दुसरं ओततात. टँकमधल्या प्रत्येक हिरव्या गोष्टीचं खाणं वेगळं, शत्रू वेगळा.

आता तुमचा मूळ प्रश्न, आकडे कमी असताना वाढतं कसं. टेस्ट किट फक्त पाण्यात उरलेलं मोजतं. शेवाळाने जे आधीच ओढून घेतलंय ते त्यात दिसत नाही. मासे रोज खातात, विष्ठा टाकतात, त्यातला नायट्रोजन-फॉस्फरस पाण्यात यायच्या आत शेवाळाच्या पोटात जातो. शिवाय तुमचा कोरडा खडक. हा खडक कॅल्शियम कार्बोनेटचा असतो आणि तो फॉस्फेट धरून ठेवतो. पाण्यातलं फॉस्फेट कमी झालं की खडकातलं हळूहळू बाहेर येतं. म्हणून फॉस्फेट खाली आणायला महिने लागतात, आणि ज्या जागेतून ते झिरपतं त्याच जागेवर शेवाळ बसलेलं असतं. घरच्या जेवणावर ताव मारायला त्याला बाहेर जावं लागत नाही.

आणि टँग का खात नाही? ब्रायोप्सिस माशांना नकोसं वाटेल अशी रसायनं बाळगून असतं. हवाईतल्या ब्रायोप्सिसमध्ये कहालालाइड नावाची संयुगं सापडली. २०१९ साली असं दिसून आलं की ती त्या शेवाळाच्या आत राहणारा एक जिवाणू बनवतो. म्हणजे शेवाळ जिवाणूला घर देतं आणि जिवाणू त्याची राखण करतो. टँगला दोष देऊ नका, त्याची जीभ शाबूत आहे.

हरिभाऊ (सांगोला)

माझ्याकडे टँक नाही, डाळिंबाची बाग आहे. मुलगी ऑस्ट्रेलियात असले टँक ठेवते म्हणून धागा उघडला. वाचून वाटलं, ही तर आमची हरळी. वरून कितीही खुरपा, काडी राहिली की पुन्हा फुटते. ताई, खुरपताना तुकडे रानभर पसरू देऊ नका.

सागरगोटा

हरिभाऊ, नेमकं बोललात. ब्रायोप्सिसचा सगळा झुपका एका अखंड पेशीचा असतो, आत भिंती नाहीत, केंद्रकं मात्र असंख्य. तुटलं तर जखम लगेच बंद करतं. प्रयोगशाळेत ते चिरडून आतला द्रव समुद्राच्या पाण्यात सोडला, तरी त्या द्रवाचे गोळे होऊन नवीन पेशीपटल तयार झालं आणि त्यातून नवीन रोपं वाढली. म्हणून टँकच्या आत टूथब्रशने घासणं म्हणजे पेरणी. (ही तुलना तुमच्या रानातूनच घेतली, माझी नाही.)

निळाई, घासायचं असेल तर खडक बादलीत काढून घासा. काढता येत नसेल तर सायफनची नळी एका हातात, चिमटा दुसऱ्या हातात, उपटलेलं तिथल्या तिथे ओढून घ्या. नळीचं दुसरं टोक फिल्टर सॉकमध्ये (गाळणीच्या पिशवीत) सोडलं तर पाणीही वाया जात नाही.

गोळीबंद (दुबई)

इतकं कशाला? ब्रायोप्सिसला फ्लुकोनाझोल. विषय संपला.

बुरशीवरचं औषध आहे, बुरशीच्या पेशीपटलाला लागणारं एर्गोस्टेरॉल बनू देत नाही. ब्रायोप्सिसवर चालतं हे रीफवाल्यांनी वर्षानुवर्षं वापरून पाहिलंय. प्रमाण: गॅलनला २० मिलिग्रॅम, म्हणजे लिटरला साधारण ५. तुमचं टँक आणि सम्प मिळून खडक-वाळू वजा जाता ३०० लिटर धरा, तर १५०० मिलिग्रॅम. भारतात १५० मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात, त्या हिशोबाने दहा. अमेरिकेत रीफसाठीच्या पाकिटात पावडर मिळते, तीच घ्या, मापही सोपं.

कार्बन आणि जीएफओ (फॉस्फेट शोषणारे लोहाचे दाणे) काढून ठेवा. स्किमर बंद किंवा कप काढून फक्त हवेसाठी चालू. यूव्ही (जंतू मारणारा दिवा) बंद. दोन आठवडे पाणी बदलायचं नाही. पहिले काही दिवस काहीच दिसणार नाही, मग रंग फिका पडतो, मग पांढरट होऊन गळतं. चेटो आधीच दुसऱ्या बादलीत दिव्याखाली काढून ठेवा, तोही हिरव्या शेवाळाच्याच कुळातला.

माशांना, कोरलना, नायट्रीफाय करणाऱ्या जिवाणूंना मी त्रास झालेला पाहिलेला नाही.

सावकाश (पुणे)

गोळीबंद, औषधाबद्दल तक्रार नाही, "विषय संपला" याबद्दल आहे.

तीनशे लिटरमधलं सगळं ब्रायोप्सिस एका पंधरवड्यात मेलं तर त्याने साठवलेलं सगळं पाण्यात येणार. नायट्रेट-फॉस्फेट उसळी घेणार. रिकाम्या झालेल्या खडकावर पहिला हक्क कोण सांगणार? बहुतेक वेळा दुसरं शेवाळ, किंवा लाल थर, किंवा सगळ्यात वाईट म्हणजे डायनो (डायनोफ्लॅजेलेट, सूक्ष्म एकपेशीय जीव). माझ्या मते आधी हाताने जितकं निघेल तितकं काढायचं, आणि औषध उरलेल्यासाठी ठेवायचं. मरायला जितकं कमी उरेल तितकी घाण कमी.

आणि निळाई, फॉस्फेट शून्यावर आणायचा सल्ला ज्यांनी दिला त्यांना नमस्कार करून पुढे चला. कोरललाही फॉस्फेट लागतं. नायट्रेट ५ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ या पट्ट्यात रीफ आनंदाने राहतो. दोन्ही शून्यावर गेले की कोरल फिके पडतात, आणि शेवाळ-जिवाणू उपाशी पडल्यावर रिकाम्या मैदानात डायनोफ्लॅजेलेट उतरतात. त्यापेक्षा ब्रायोप्सिस परवडलं. जीएफओ एकदम भरपूर घालून फॉस्फेट दोन दिवसांत पाडलं तर मॉन्टिपोराला पहिला धक्का बसेल.

खेकडा

डायनोचं नाव काढलंत. आता तीन पानं होणार.

वाळूतला (सॅन होजे)

होऊ देत, कारण यात लोक टँक मोडतात.

वाळूवर आणि खडकावर तपकिरी, शेंबडासारखा थर, त्यात हवेचे बुडबुडे अडकलेले, रात्री कमी, दुपारपर्यंत पुन्हा जोरात. असं दिसलं तर पाणी बदलू नका, फॉस्फेट काढू नका, सूक्ष्मदर्शक आणा. मुलांचा स्वस्तातला चालतो, ४०० पट मोठं दिसलं की बस. ऑस्ट्रिओप्सिस असेल तर थेंबाच्या आकाराचे जीव एका टोकाला दोरी बांधल्यासारखे गोल फिरताना दिसतात. ते रात्री पाण्यात उतरतात, म्हणून त्यांच्यावर यूव्ही चालतो. ॲम्फिडिनियम मात्र वाळूतच राहतं, त्यावर यूव्ही फुकट. त्याला सोडियम सिलिकेट देऊन डायटम वाढवायचे आणि डायटमनी जागा बळकावायची. एकाच रंगाचा थर, दोन वेगळे जीव, उपाय एकमेकांपासून लांब. ऑस्ट्रिओप्सिसही पॅलिटॉक्सिनच्या जातीची विषं बनवतो, गोगलगायी मरायला लागतात ती खूण.

मी नायट्रेट, फॉस्फेट दोन्ही बाहेरून घालून ते परतवले. आठवडे लागतात.

मधुरा_के

आमच्याकडे लाल मखमलीसारखा थर येतो, हाताने सोलला तर चादरीसारखा निघतो. तेही डायनो का?

वाळूतला

नाही, तो सायनोबॅक्टेरिया. शेवाळ नव्हेच, जिवाणू. प्रवाह वाढवा, वाळूतली घाण सायफन करा, खाणं थोडं कमी. एरिथ्रोमायसिन घालणारे आहेत, मी घालत नाही. प्रतिजैविक टँकमध्ये ओतून ते पाणी गटारात सोडणं मला पटत नाही, आणि कारण दूर केलं नाही तर थर परत येतोच.

चिंगी

माझ्या आजीने आमचा टँक पाहून पहिला प्रश्न विचारला, "ह्याची भाजी होते का गं?" आजोबा म्हणाले, "आधी माशांना विचार, ते खात नाहीत म्हणजे मीठ जास्त झालंय."

रापण (मालवण)

आजोबांना दंडवत!

मी टँकवाला नाही, पर्यटकांना पाण्याखाली नेतो. इथले खडक मालवण सागरी अभयारण्यात येतात, १९८७ सालचं अभयारण्य. पावसाळा संपला की खडकांवर सरगॅसम हे तपकिरी शेवाळ माजतं, पण कोरल जिथे चांगला आहे तिथे पोपटमासे, सर्जन मासे, समुद्री साळू (काटेरी गोळ्यासारखा सी अर्चिन) सतत खरवडत असतात. पोपटमाशाचा दाताने खडक खरवडल्याचा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. तुमच्या पेटीत हे काम करायला किती जीव आहेत? एक टँग आणि काही गोगलगायी, तेही ज्याला तोंड लावत नाहीत असं शेवाळ. समुद्रात चरणारे जास्त आणि शेवाळ कमी दिसतं, कारण ते वाढताच खाल्लं जातं.

जीवशास्त्र_बाई (ठाणे)

रापण यांनी जे सांगितलं त्याचा मोठ्या प्रमाणावरचा पुरावा कॅरिबियन समुद्रात आहे. शिकवताना मी हाच दाखला देते.

तिथे लांब काळ्या काट्यांची डायडेमा जातीची साळू अगणित होती. १९८३ च्या जानेवारीत पनामा कालव्याच्या कॅरिबियन तोंडाशी ती मरू लागली आणि वर्षभरात जवळजवळ सगळ्या कॅरिबियनमध्ये बहुतांश साळू संपली. जमैकात आधीच बेसुमार मासेमारीने शेवाळ खाणारे मासे उरले नव्हते, १९८० साली ॲलन वादळाने कोरल मोडले होते. साळू हा शेवटचा चरणारा गेला आणि शेवाळाला रान मोकळं झालं. जमैकाच्या खडकांवर १९७७ साली कोरलचं आच्छादन साधारण ५२ टक्के होतं, १९९३ पर्यंत ते ३ टक्क्यांवर आलं. शेवाळ ४ टक्क्यांवरून ९२ टक्क्यांवर गेलं. पाण्यात खत किती आहे यावर वाद घालणारे तेव्हाही होते, पण चरणारे गेल्याने काय होतं हे इतकं उघड क्वचितच दिसलं असेल. २०२२ मध्ये डायडेमाची पुन्हा साथ आली, या वेळी कारण सापडलं, सिलिएट, म्हणजे केसांसारख्या तंतूंनी हलणारा एकपेशीय सूक्ष्मजीव.

म्हणून निळाई, नुसत्या आकड्यांकडे बघू नका. टँकमध्ये चरणारे वेगवेगळ्या तऱ्हेचे हवेत.

गोगलगायवाली (न्यू जर्सी)

निळाई, मी प्रिन्स्टनजवळ आहे, आपण शेजारीच. चरणाऱ्यांची माझी यादी देते.

ट्रोकस घ्या, भरपूर. उलटी पडली तर स्वतः सरळ होते. मेक्सिकन टर्बो केसाळ शेवाळ झपाट्याने खाते पण उलटी पडली की तशीच मरते, शिवाय तिला जरा गार पाणी मानवतं. टक्सीडो साळू उत्तम, फक्त ती कोरलचे सुटे तुकडे डोक्यावर घेऊन फिरते. माझ्या टँकमध्ये झोआंचा एक तुकडा रोज नवीन पत्त्यावर असतो. सी हेअर, म्हणजे डोलाबेला, केसाळ शेवाळ आठवड्यात फस्त करतो, पण शेवाळ संपलं की उपाशी मरतो. तो विकत न घेता आळीपाळीने वापरायचा प्राणी आहे. आमच्या भागात तिघींमध्ये एकच डोलाबेला फिरतो आणि त्याचं नाव पाहुणा.

ब्रायोप्सिस खाणारा एक जीव आहे: लेट्यूस स्लग, एलिसिया क्रिस्पाटा. शेवाळ शोषून त्यातली हिरवी क्लोरोप्लास्ट स्वतःच्या अंगात साठवतो, आणि ती आत जिवंत राहून प्रकाशसंश्लेषण करत राहतात. प्राण्याने वनस्पतीचा कारखाना उचलून अंगावर वागवावा, हे प्रत्यक्ष पाहणं हा माझ्या टँकमधला सर्वात मोठा आनंद आहे. पण तो पंपात ओढला जातो, प्रत्येक पंपाला जाळी नसेल तर आणू नका.

अभिजित_पुणे

मलाही रीफ टँक सुरू करायचाय. मालवण किंवा अंदमानहून लाइव्ह रॉक (समुद्रातला, जीव बसलेला खडक) आणता येईल का? असल्या गोगलगायी त्याच्याबरोबर आपोआप येतात म्हणे.

रापण (मालवण)

नाही. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही नाही.

जीवशास्त्र_बाई (ठाणे)

अभिजित, २००१ पासून सगळे दगडी कोरल वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या बरोबरीने. काळे कोरल, समुद्रपंखे, समुद्रघोडे हेही संरक्षित. कोरलचा खडक जवळ ठेवणं, विकणं, नेणं हा गुन्हा आहे. सिमेंट-वाळूचा किंवा सिरॅमिकचा बनवलेला खडक मिळतो, तो घ्या. जिवाणू त्यावरही नीट बसतात, फक्त थोडा जास्त वेळ द्या. सुरुवात फक्त माशांच्या टँकने करा, खाऱ्या पाण्याची शिस्त त्यात शिकता येते.

सावकाश (पुणे)

आणि पुण्यात असाल तर पाणी आधी. उन्हाळ्यात टँकरचं पाणी आलं की माझ्या आरओचा मेंब्रेन रडतो. आरओनंतर डीआय (उरलेले क्षार पकडणारं रेझिन) हवंच, टीडीएस शून्य. पण टीडीएस शून्य दाखवत असतानाही सिलिका सुटू शकतं, मीटरला ते जवळजवळ दिसत नाही. डायटम पुन्हा पुन्हा आले तर डीआय रेझिन बदला.

निळाई, तुमच्याकडे नळाच्या पाण्यात क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं जंतुनाशक) असू शकतं, पाणीपुरवठ्याच्या वार्षिक अहवालात लिहिलेलं असतं. असलं तर क्लोरामाइनसाठीचा कार्बन ब्लॉक लावा. कार्बन ते फोडतो तेव्हा अमोनिया सुटतो, तो डीआयने पकडायचा असतो.

कॅलिफोर्नियाकर (सॅन डिएगो)

इतकं सगळं झालं, एक कुणी बोललं नाही. उपटलेलं शेवाळ कुठे टाकता?

मी ज्या शहरात राहतो तिथून थोडं वर, कार्ल्सबादच्या अग्वा हेडिओंडा खाजणात २००० साली कॉलर्पा टॅक्सिफोलिया सापडलं. टँकमध्ये शोभेला ठेवतात तीच जात. भूमध्य समुद्रात ते १९८४ मध्ये मोनॅकोच्या समुद्रशास्त्र संग्रहालयाखाली पहिल्यांदा दिसलं आणि पुढे हजारो हेक्टर समुद्रतळावर पसरलं. इथे ताडपत्री अंथरून खाली क्लोरीन सोडून ते मारलं, २००६ मध्ये संपल्याचं जाहीर झालं, सत्तर लाख डॉलरवर खर्च झाला. कॅलिफोर्नियाने २००१ मध्ये कॉलर्पाच्या नऊ जातींवर बंदी घातली. भारतातही पाहा, शेतीसाठी आणलेलं कप्पाफायकस हे समुद्री शेवाळ मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाच्या कोरलवर चढल्याची नोंद २००८ ची आहे.

तर उपटलेलं शेवाळ पिशवीत घालून फ्रीझरमध्ये दोन दिवस, मग कचऱ्यात. सिंकमध्ये नाही, खाडीत तर मुळीच नाही. लाइव्ह रॉकचं पाणीसुद्धा नाही.

खेकडा

फ्रीझरवर चिठ्ठी लावा. आमच्याकडे पालक समजून बाहेर निघाली होती पिशवी.

गोळीबंद (दुबई)

सावकाश, तुमचं म्हणणं मान्य. आधी उपटा, मग औषध. फक्त उपटण्यातच वर्ष घालवू नका. ब्रायोप्सिस हॅमरच्या सांगाड्यात घुसलं की मांसाच्या कडेला ढकलतं. तिथे चिमटा पोचत नाही, औषध पोचतं. पूर्वी लोक मॅग्नेशियम १६०० च्या वर नेऊन मारायचे, त्यात गोगलगायी सुस्त होऊन पडायच्या. त्या मानाने हे सौम्य आहे.

सागरगोटा (मेलबर्न)

सुटा खडक बाहेर काढता येत असेल आणि त्यावर कोरल नसेल तर हायड्रोजन पेरॉक्साइडही चालतं. औषधाच्या दुकानातलं ३ टक्क्यांचं, ब्रशने फक्त शेवाळावर, काही मिनिटं, मग टँकच्या पाण्यात खळबळून परत. भारतात बऱ्याचदा ६ टक्क्यांची बाटली मिळते, त्यात तेवढंच पाणी घाला. खडकावरचं गुलाबी कोरलाइन (चुन्याचं कडक शेवाळ) पांढरं पडतं, ते परत येतं. टँकमध्ये क्लीनर श्रिंप असेल तर थेट टँकमध्ये ओतू नका, त्यांना सोसत नाही.

निळाई

मंडळी, काही आठवड्यांनी लिहितेय. तुमच्या सल्ल्यांतून मी असा क्रम लावला.

वरचे दोन सुटे खडक बाहेर काढून पेरॉक्साइड लावलं, गॉगल-हातमोजे घालून. बाकीच्या खडकांवरचं चिमटा आणि सायफनने, जितकं निघेल तितकं. त्याच काळात ट्रोकस आणि एक टक्सीडो साळू आणली. मग फ्लुकोनाझोल, लिटरला ५ मिलिग्रॅमच्या हिशोबाने, चेटो बादलीत. पहिल्या आठवड्यात फरक दिसला नाही, दुसऱ्यात हॅमरच्या बुडाशी असलेलं फिकट पिवळं झालं, नंतर प्रवाहाने आपोआप सुटू लागलं. ते सगळं फिल्टर सॉकमध्ये अडकलं, मी रोज बदलत होते.

सावकाश म्हणाले तसंच झालं, नायट्रेट १२ वर आणि फॉस्फेट ०.०९ वर गेलं. मी काहीही एकदम पाडलं नाही. औषधाची मुदत संपल्यावर दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलतेय. खडकावर आता थोडं साधं केसाळ शेवाळ आहे, त्यावर ट्रोकस तुटून पडतात आणि टँगही टोचतो. झोआ पूर्ण उघडतात. हॅमरच्या एका डोक्याचं मांस मागे सरलं होतं, ते तेवढंच आहे, वाढलेलं नाही.

आता विचारायचं ते हे: चेटो कधी परत टाकू? कार्बन कधी सुरू करू?

गोळीबंद (दुबई)

ब्रायोप्सिस पूर्ण गेल्याची खात्री झाली असेल तर कार्बन आजच, थोडा, आणि स्किमर नेहमीसारखा. स्किमर पहिले दोन-तीन दिवस वेड्यासारखा फेस काढेल, कप लक्ष ठेवून रिकामा करा. कार्बन आठवडाभर चालू द्या, एक-दोन पाणीबदल होऊ द्या, मग चेटोचा मूठभर तुकडा टाकून बघा. चार दिवसांत पांढरा पडला नाही तर बाकीचा.

सावकाश (पुणे)

चेटो टाकायच्या आधी बादलीत नीट धुवून पिंजून पाहा. ब्रायोप्सिसचा एखादा तुकडा त्यात अडकून आला तर सगळी मेहनत वाया. शंका आली तर तो चेटो टाकून द्या, दुसरा मिळतो.

गोगलगायवाली (न्यू जर्सी)

माझ्याकडे स्वच्छ चेटो आहे, वर्षानुवर्षं त्यात दुसरं काही उगवलेलं नाही. शनिवारी ओक ट्री रोडला येणारच आहे, डबा भरून आणते. केसाळ शेवाळ उरलंय म्हणता, तर पाहुणाही घेऊन येऊ का? सध्या माझ्याकडे त्याला खायला काही उरलेलं नाही.

निळाई

दोन्ही आणा! आणि जेवायलाच या.